भोसरीच्या लाइनवर ब्लेड सर्व्हर: घ्यायचा का, आणि नाही तर त्यातलं नेमकं काय घ्यायचं

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे मशीनिंग केलेले पार्ट बनवणारा एक कारखाना आहे. नाव देत नाही, कारण त्यांनी तेवढी एकच अट घातली होती, बाकी सगळं लिहायला मोकळीक दिली. तिथे प्रत्येक पार्ट पॅकिंगला जायच्या आधी कॅमेऱ्याखालून जातो. एकूण १२ स्टेशनं, प्रत्येकावर २ कॅमेरे, आणि प्रत्येक स्टेशनच्या पॅनेलमध्ये एक इंडस्ट्रियल पीसी. बोअरचा व्यास, चॅम्फर, थ्रेड मारलाय का राहिलाय, कास्टिंगमध्ये ब्लोहोल दिसतंय का, असं सगळं हे पीसी बघतात आणि पीएलसीला, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरला, ओके किंवा नॉट ओके सांगतात, पुढे फ्लॅप पार्ट इकडे नाहीतर तिकडे ढकलतो.

प्रॉब्लेम असा की हे पीसी मरतात. कूलंटचं धुकं हवेत असतंच, त्यात बारीक चिप्सची भुकटी, पंखा हे सगळं आत ओढतो आणि काही महिन्यांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये तेलकट करडा लगदा बसतो, बोटाने खरवडला तर निघतो, ब्रशने नाही. मग एप्रिल-मे मध्ये शेडचं पत्र्याचं छप्पर तापलं की दुपारच्या शिफ्टला एखादा पीसी हँग होणार हे ठरलेलं. त्यावर कडी म्हणजे मूळ मदरबोर्ड बाजारातून गेला, त्यामुळे जसजसे मेले तसतसे मिळेल ते मॉडेल बसवत गेले, आता लाइनवर वेगवेगळ्या पिढ्यांचे पीसी, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, प्रत्येकाची डिस्क इमेज वेगळी, आणि कुठली इमेज कुठल्या पीसीची हे एका वहीत लिहिलेलं. थर्ड शिफ्टला बंद पडलं की ऑपरेटर काका मेंटेनन्सला फोन करणार, मेंटेनन्स आयटीला, आणि आयटीवाला झोपेतून सांगणार की रीस्टार्ट करून बघा.

यावर दोन पक्ष पडले. आयटीचा मुलगा आधी डेटा सेंटरमध्ये काम केलेला, हुशार आहे, त्याचं म्हणणं की शॉपफ्लोअरवर कॉम्प्युटर ठेवायचाच कशाला, कॅमेरे गिगई आहेत म्हणजे नेटवर्कवरच बोलतात, तर केबल ओढा सर्व्हर रूमपर्यंत, तिथे एक ब्लेड चेसिस, म्हणजे अनेक पातळ सर्व्हर खोचायचा एक डबा, लावू, १६ ब्लेडची जागा असते, आपण ६ लावू, एसी आहे, यूपीएस आहे, धूळ नाही, झालं काम. रिफर्बिश्ड चेसिसचं कोटेशनही त्याने आणलं होतं, जवळपास भंगाराच्या भावात, कारण मोठ्या कंपन्या क्लाउडवर गेल्यापासून असले चेसिस सेकंडहँड बाजारात भरपूर पडून आहेत. मेंटेनन्सचे साहेब मात्र ऐकेनात. ते म्हणाले, "अरे बाळा, आज एक पीसी मेला तर एक स्टेशन बंद पडतं. तुझा तो डबा मेला की बाराच्या बारा बंद. मग मी काय पार्ट हातात धरून उन्हात बघायचे का?"

मला बोलावलं ते दोघांचं ऐकून कागदावर काहीतरी ठोस द्यायला. आणि खरं सांगायचं तर पहिल्याच मीटिंगमध्ये दिसत होतं की दोघंही बरोबर बोलतायत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

ब्लेडमध्ये असतं काय

ज्यांना हे माहितीये त्यांनी हा भाग सरळ सोडला तरी चालेल. साध्या रॅक सर्व्हरमध्ये त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय, पंखे, नेटवर्क पोर्ट सगळं असतं. ब्लेडमध्ये बोर्डावर फक्त प्रोसेसर, मेमरी आणि फार तर एक-दोन डिस्क राहतात, बाकी वीज, हवा, नेटवर्क स्विच आणि देखरेख हे सगळं चेसिसचं, म्हणजे सगळ्यांचं सामायिक. प्रत्येक फ्लॅटने आपापला पंप लावण्यापेक्षा सोसायटीची एक टाकी नि एक पंप स्वस्त पडतो, पण पंप जळला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली, म्हणून शहाणी सोसायटी दोन पंप ठेवते, तसाच हा व्यवहार. उदाहरणार्थ एचपीचं २००६ साली आलेलं सी७००० चेसिस घ्या, १० यू उंची (एक यू म्हणजे पावणेदोन इंच), अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड, मागे ६ पॉवर सप्लाय, १० पंखे, नेटवर्क स्विचसाठी ८ खण (इंटरकनेक्ट बे), आणि देखरेखीला दोन मॉड्यूल, एक बंद पडलं तर दुसरं. पूर्ण भरलं तर वजन २०० किलोच्या वर जातं, हे मी मुद्दाम सांगतोय कारण पहिल्या मजल्यावरच्या फॉल्स फ्लोअरवर ते ठेवायच्या आधी कोणीतरी सिव्हिलवाल्याला विचारलेलं बरं.

गंमत अशी की ही कल्पना मुळात सर्व्हरवाल्यांची नाहीच. पाठीमागे एक बॅकप्लेन, म्हणजे खोबण्यांचा सामायिक बोर्ड, आणि त्यात बोर्ड खोचायचे ही पद्धत एम्बेडेडवाले, म्हणजे यंत्रांच्या आत बसणारे कॉम्प्युटर बनवणारे, व्हीएमई नावाच्या स्टँडर्डपासून वापरतायत, म्हणजे १९८१ पासून, नंतर १९९५ च्या आसपास कॉम्पॅक्टपीसीआय आलं. सर्व्हरच्या दुनियेत आरएलएक्स नावाच्या ह्यूस्टनच्या कंपनीने २००१ मध्ये ३ यू उंचीत २४ ब्लेड बसवून दाखवले, ट्रान्समेटाचे कमी वीज खाणारे क्रुसो प्रोसेसर वापरून, आणि मग आयबीएम, एचपी, डेल सगळे त्यात उतरले. (आरएलएक्स २००५ मध्ये एचपीनेच घेतली.) त्याच सुमारास टेलिकॉमवाल्यांनी हीच कल्पना परत आपल्या घरी नेली. पीआयसीएमजी या संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये अ‍ॅडव्हान्स्डटीसीए म्हणजे एटीसीए हे स्टँडर्ड मंजूर केलं, ८ यू उंच आणि २८० मिमी खोल बोर्ड, १९ इंची शेल्फमध्ये १४ खण, प्रत्येक खणाला सुरुवातीला २०० वॉटपर्यंत, आणि वीज उणे ४८ व्होल्ट डीसी, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीच असते.

या दोघांमधला खरा फरक प्रोसेसरचा नाही, दोन्हीकडे बऱ्याचदा इंटेलच असतो. फरक असा की एचपीचा ब्लेड डेलच्या चेसिसमध्ये जात नाही, कधीच जाणार नाही, कंपनीने ते मॉडेल बंद केलं की तुमचं चेसिस म्हणजे नुसतं कपाट. एटीसीएत एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या शेल्फमध्ये चालावा हाच तर उद्देश. दुसरं म्हणजे तापमान, सर्व्हर ब्लेड साधारण १० ते ३५ डिग्रीच्या खोलीसाठी बनवलेला असतो, तर टेलिकॉमच्या नेब्स नियमांत शेल्फने ४० डिग्रीपर्यंत कायम आणि थोड्या काळासाठी ५५ पर्यंत टिकायला हवं. आणि तिसरं आयुष्य. सर्व्हरची पिढी दोन-तीन वर्षांत बदलते, एम्बेडेडसाठीच्या यादीतले प्रोसेसर इंटेल ७ वर्षं आणि काही त्याहून जास्त पुरवतं. भोसरीतल्या त्या लाइनचं आयुष्य पार्टच्या ऑर्डरवर आहे, गाडीचं मॉडेल बंद झालं तरी स्पेअर पार्ट म्हणून तो पार्ट आणखी १० वर्षं बनवावा लागतो.

ट्रायल

विक्रेत्याने चेसिस काही आठवडे वापरून बघायला दिलं. मी मेंटेनन्सच्या साहेबांना म्हटलं, नाही म्हणायचं तर आकड्यांनिशी म्हणू, नुसतं मला वाटतं म्हणून नको.

आधी अंतर. शेडच्या लांबच्या टोकापासून सर्व्हर रूम केबलच्या वाटेने १०० मीटरच्या वर जाते, आणि कॉपर इथरनेट १०० मीटरलाच संपतं, म्हणजे मधे स्विच आणि पुढे फायबर आलंच. हे काही मोठं नाही, करून टाकलं.

मग खरी मजा आली. कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा, २४४८ गुणिले २०४८, मोनो ८ बिट, म्हणजे एक फोटो साधारण ५ एमबी. लाइनचा सायकल टाइम ६ सेकंद. विक्रेत्याच्या इंजिनिअरने गणित मांडलं की २४ कॅमेरे गुणिले ५ एमबी म्हणजे १२० एमबी, भागिले ६, म्हणजे सेकंदाला २० एमबी, आणि आपली लिंक तर १० गिगाबिटची, २ टक्केसुद्धा वापर नाही, सर काळजीच नको. कागदावर एकदम बरोबर. पण सुरू केल्यावर दर थोड्या वेळाने अर्धे फोटो यायचे, खालची पट्टी काळी, आणि स्टेशन ती काळी पट्टी बघून चांगला पार्ट नॉट ओके करायचं.

घोडं पेंड खात होतं ते सरासरीत. ही इंडेक्सिंग लाइन आहे, कन्व्हेयर एक घर पुढे सरकतो, थांबतो, आणि बाराही स्टेशनं त्याच क्षणी फोटो काढतात. म्हणजे २४ कॅमेरे एकाच वेळी आपापल्या १ गिगाबिटच्या वायरवर पूर्ण वेगाने ओततात, ५ एमबी जायला ४३-४४ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात स्विचमध्ये येतात १२० एमबी आणि १० गिगाबिटच्या पाइपमधून बाहेर पडतात फार तर ५०-५२. उरलेले जवळजवळ ७० एमबी ठेवायचे कुठे? अशा स्विचचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, काही एमबीचा असतो. मग पॅकेट पडतात, आणि गिगई व्हिजन (या कॅमेऱ्यांचं स्टँडर्ड) यूडीपीवर, म्हणजे पोचपावती न मागणाऱ्या पद्धतीवर चालतं, त्यात हरवलेलं पॅकेट परत मागायची सोय आहे पण सगळेच एकदम परत मागायला लागले की आगीतून फुफाट्यात. उपाय सोपा निघाला. कॅमेऱ्यात इंटर-पॅकेट डिले नावाची सेटिंग असते, दोन पॅकेटच्या मधे मुद्दाम थांबायचं, ती वाढवून प्रत्येक कॅमेऱ्याला सेकंदाला ४५ एमबीच्या आत ठेवलं, जंबो फ्रेम (मोठी पॅकेटं) चालू केल्या, फोटो यायला ४४ च्या जागी ११० मिलिसेकंद लागायला लागले, ६ सेकंदांच्या सायकलमध्ये कोणाला कळतसुद्धा नाही. काळ्या पट्ट्या बंद.

हे एवढं पसरून सांगितलं कारण नंतर आयटीचा मुलगा म्हणाला की तुम्ही ब्लेड नाकारला तो नेटवर्कमुळे. नाही. नेटवर्क सुटलं होतं.

अडलं ते वेगळ्याच जागी. गुरुवारी भोसरीत औद्योगिक सुट्टी. सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा मेन बंद करून ठेवायचा हा सिक्युरिटीच्या काकांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता, वीज वाचते म्हणून त्यांना कधीतरी शाबासकीही मिळालेली. सर्व्हर रूमचा एसी त्याच ऑफिसच्या डीबीवर (वीज वाटणाऱ्या पेटीवर). चेसिस यूपीएसवर. म्हणजे एसी बंद, चेसिस चालू, आणि यूपीएस शॉपच्या फीडरवर असल्याने बॅटरी संपण्याचाही प्रश्न नाही. आत २.५ किलोवॉट उष्णता, ती काढायला पाऊण टनाचा एसी लागतो, एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट या हिशोबाने. पंखे आधी ओरडायला लागले, बाहेर पॅसेजमध्ये आवाज यायचा म्हणतात, मग तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर ब्लेड एकेक करून स्वतःला बंद करत गेले, जे त्यांनी करायलाच हवं. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला लोक आले तर बारा स्टेशनांवर लाल.

एसी वेगळ्या फीडरवर घेता येतो, त्याला काय लागतं. पण साहेबांचा मुद्दा त्या दिवशी मला नीट कळला, मशीनच्या पॅनेलवर त्यांचं राज्य आहे, चावी त्यांच्याकडे, सर्व्हर रूमवर नाही. तिथे एसी अ‍ॅडमिनचा, यूपीएस इलेक्ट्रिकलचा, चेसिस आयटीचं, आणि उत्पादन थांबलं की शिव्या मेंटेनन्सला.

शुक्रवारी परत चालू करतानाही एक गोष्ट झाली. अशा चेसिसमध्ये देखरेखीचं मॉड्यूल प्रत्येक ब्लेडला विजेचं बजेट देतं, आणि तुम्ही जी रिडंडन्सी (एक गेलं तर दुसरं, अशी राखीव सोय) निवडलीय ती सांभाळून वीज पुरत नसेल तर ब्लेडला चालू व्हायची परवानगीच मिळत नाही. एका फीडची एमसीबी ट्रिप होती, ते कोणाच्या लक्षात नाही, शेवटचे दोन ब्लेड बटण दाबून दाबून चालू होईनात. चेसिस अगदी शहाण्यासारखं वागत होतं. पण शिफ्ट इनचार्जला हे शहाणपण स्क्रीनवर इंग्रजी वाक्यात वाचायला मिळालं तर तो काय करणार.

खोडदचा दाखला

एका मीटिंगमध्ये आयटीच्या मुलाने एक चांगला मुद्दा काढला, त्यावर थोडं थांबतो. तो म्हणाला सर, आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ३० अँटेना, प्रत्येक डिश ४५ मीटरची, वाय आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, आणि सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत आणतात, तिथे एफपीजीए बोर्ड आणि जीपीयू लावलेले सर्व्हर रिअल टाइममध्ये गणित करतात. ते २५ किलोमीटरवरून आणतात, आपण दीडशे मीटरवरून आणायला घाबरतोय.

मी तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलोय (जाताना मिसळ खाल्ल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, ते असो), त्यामुळे दाखला आवडला. पण तिथे एकत्र आणण्याचं कारण बघा. त्या दुर्बिणीचं काम म्हणजे प्रत्येक अँटेनाचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलशी गुणायचा, ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि सिग्नल एका ठिकाणी भेटलेच नाहीत तर चित्र बनतच नाही. आमच्या लाइनवर तिसऱ्या स्टेशनला सातव्या स्टेशनकडून काहीही नको असतं. थ्रेड बघणाऱ्याला ब्लोहोल बघणाऱ्याशी काय बोलायचंय? जिथे डेटा एकमेकांना भेटायलाच लागतो तिथे एकत्र आणा, नाहीतर एकत्र आणून फक्त एकत्र बंद पडायची सोय होते. माझ्या रिपोर्टमधला हाच मुख्य मुद्दा होता आणि मुलाने तो मान्य केला, लगेच नाही पण केला.

मग ब्लेडमधलं घेतलं काय

एटीसीए शेल्फचाही विचार झाला, पाच मिनिटंच. उणे ४८ व्होल्टचा सप्लाय भोसरीत रात्री दोन वाजता कोण आणून देणार, आणि १२ स्टेशनांसाठी टेलिकॉम एक्स्चेंजचा खर्च कोणी मंजूर करणार नव्हतं. मायक्रोटीसीए हे एटीसीएचं छोटं भावंड, छान आहे, पण कार्ड मागवून महिने थांबावं लागतं.

ठरलं ते असं. लाइनच्या दोन्ही बाजूंना एकेक सीलबंद कपाट, पॅनेल एसी लावलेलं, बाहेरची हवा आत घ्यायचीच नाही. प्रत्येक कपाटात ७ खण, ६ स्टेशनांना ६ आणि सातवा चालू स्थितीत बसलेला राखीव. खणात सरकणारा ट्रे, ट्रेवर कॅरिअर बोर्ड (पोर्ट आणि कनेक्टर असलेला तळाचा बोर्ड) आणि त्यावर कॉम एक्स्प्रेस मॉड्यूल, ९५ बाय १२५ मिमीचं, प्रोसेसर आणि मेमरी त्यावरच, उद्या प्रोसेसर जुना झाला तर मॉड्यूल बदलायचं, कॅरिअर तसाच, कारण कनेक्टर पीआयसीएमजीच्या स्टँडर्डचा आहे. वीज २४ व्होल्ट डीसी, दोन सप्लाय, रिडंडन्सी मॉड्यूलमधून एकत्र. २४ व्होल्ट का, तर शॉपमधला प्रत्येक इलेक्ट्रिशियन ते डोळे मिटून जोडतो आणि स्टोअरमध्ये त्याचे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कायम पडलेले असतात. अख्ख्या कपाटाची उष्णता अर्ध्या किलोवॉटच्या आत. एक कपाट पूर्ण गेलं तरी सहा स्टेशनं चालू राहतात, साहेबांना एवढं पुरलं.

म्हणजे थोड्या जागेत जास्त सर्व्हर कोंबायची दाटी नको, तो विषयच नव्हता. ब्लेडवाल्यांची जी गोष्ट मी खरोखर उचलली ती म्हणजे ओळख खणाला द्यायची, बोर्डाला नाही. डेटा सेंटरमध्ये हे जुनं आहे, एचपीचं व्हर्च्युअल कनेक्ट २००७ पासून आणि सिस्कोच्या यूसीएसमधलं सर्व्हिस प्रोफाइल २००९ पासून हेच करतं, मॅक अ‍ॅड्रेस वगैरे नेटवर्कवरची ओळख प्रोफाइलमध्ये असते, ब्लेड मेला की दुसरा खोचा, तो जुन्याच्या नावाने उभा राहतो. आपल्याकडे एवढी मोठी यंत्रणा नको. स्विचच्या कुठल्या पोर्टवरून विनंती आली हे डीएचसीपीच्या (आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन ८२ मध्ये कळतं, त्यावरून आयपी ठरतो, आयपीवरून स्टेशन नंबर, आणि स्टेशन नंबरवरून रेसिपी (काय आणि कसं तपासायचं ते) आणि कॅलिब्रेशन फाइल सर्व्हरवरून उतरते. म्हणजे स्टोअरमधून कुठलाही ट्रे आणा, कोरा, सगळे सारखेच, तो ४ नंबरच्या खणात गेला की ४ नंबरचं स्टेशन होतो. सर्व्हरच बंद असला तर? म्हणून प्रत्येक ट्रेच्या एसएसडीवर त्या कपाटातल्या सगळ्या स्टेशनांची शेवटची चांगली प्रत ठेवलेली असते, आणि मूळ सिस्टीम रीड-ओन्ली, त्यामुळे लाईट गेली तरी फाइल सिस्टीम खराब होत नाही. ती वही आता गेली, तिच्याबद्दल कोणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

दुसरी उचललेली गोष्ट निळा दिवा. एटीसीएच्या बोर्डाला हँडलमध्ये एक छोटा स्विच असतो, हँडल जरासं उघडलं की शेल्फ मॅनेजरला कळतं हा निघायला बघतोय, निळा एलईडी लुकलुकायला लागतो, आतली कामं आवरली की स्थिर पेटतो, मग ओढायचा. आम्ही हे जसंच्या तसं केलं. खटका सैल केला की ट्रे चालू पार्ट पूर्ण करतो, स्टेशन राखीव ट्रेकडे देतो, मग निळा स्थिर. नियम एका ओळीत मराठीत कपाटाच्या दारावर लिहिलाय, निळा स्थिर झाल्याशिवाय ओढू नये.

अर्थात कोणीतरी ओढणारच, हे धरूनच चाललो होतो, त्यामुळे सुपूर्त करून घेताना थर्ड शिफ्टच्या हेल्परला बोलावलं, कुठला ट्रे ते त्यालाच ठरवू दिलं आणि म्हटलं दादा, दिव्याकडे बघू नका, सरळ ओढा. त्याने ओढला. आता यात एक गोम आहे जी कॅटलॉगमध्ये कोणी सांगत नाही. गिगई कॅमेऱ्याचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असतो, तो प्रोग्रॅम नीट निरोप घेऊन गेला तर कॅमेरा लगेच मोकळा होतो, पण अचानक मेला तर कॅमेरा त्याच्या हार्टबीटची वाट बघत बसतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत हा टाइमआउट मुळात ३ सेकंदांचा असतो, तोपर्यंत राखीव ट्रेने कितीही दार ठोठावलं तरी ताबा मिळत नाही. आम्ही तो १ सेकंदावर आणला, त्याहून खाली नेला तर नेटवर्कच्या छोट्या धक्क्यानेही कॅमेरा सुटतो. तरीसुद्धा राखीव ट्रे ताबा घेऊन, रेसिपी लोड करून तयार होईपर्यंत एखादा पार्ट निघून जातो. म्हणून शेवटचा शब्द पीएलसीचा. ट्रेकडून जिवंत असल्याची बिट बदलत राहिली नाही किंवा ठरलेल्या वेळात निकाल आला नाही तर पीएलसी त्या पार्टला ओकेही म्हणत नाही आणि नॉट ओकेही, तो पिवळ्या बिनमध्ये जातो, परत तपासायला. हेल्परने ट्रे ओढला तेव्हा एक पार्ट पिवळ्या बिनमध्ये पडला, पुढचा नीट तपासला गेला. साहेबांनी तो पार्ट उचलून हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, चांगला आहे की हा.

देखरेखीसाठी प्रत्येक कॅरिअरवर छोटा कंट्रोलर आहे जो मुख्य प्रोसेसर मेला तरी जागा असतो, तापमान आणि व्होल्टेज सांगतो, दुरून रीसेट करू देतो, ब्लेडवाल्यांचं आयपीएमआयच. एक सांगून ठेवतो, आयपीएमआयची सिक्युरिटी फार भरवशाची नाही, हे जगजाहीर आहे, ते वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कवर, ठेवा आणि फॅक्टरीचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. स्क्रीनवर मात्र इंग्रजी वाक्यं नकोत असं ठरवलं, खणाचं चित्र, हिरवा, लाल, निळा, आणि लालवर बोट ठेवलं तर "सप्लाय बी बंद, एमसीबी बघा" असं.

ते रिफर्बिश्ड चेसिस परत गेलं. आयटीच्या मुलाची एक गरज खरी होती, सगळ्या स्टेशनांचे नॉट ओके फोटो एका जागी साठवायचे आणि त्यावर नवीन मॉडेल ट्रेन करायचं, ते काम एकत्रच व्हायला हवं कारण तिथे डेटा खरंच एकमेकांना भेटतो. त्यासाठी सर्व्हर रूममध्ये जीपीयूवाला एक साधा २ यू सर्व्हर घेतला, ब्लेड नाही, तो गुरुवारी बंद असला तरी लाइनला फरक पडत नाही. एसीचा फीडर तरीही वेगळा करून घेतलाय.

राहिलेलं एक काम म्हणजे शेवटची दोन स्टेशनं. त्यांचे कॅमेरे पुढे लाइन-स्कॅन (एकेक ओळ टिपणारे) करायचेत, त्याला फ्रेम ग्रॅबर (कॅमेऱ्याकडून फोटो घेणारं) कार्ड लागणार, आणि आत्ताच्या ट्रेमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं पूर्ण कार्ड मावत नाही. दोन खणांच्या रुंदीचा एक ट्रे बनवायला दिलाय, चाकणच्या शीट मेटलवाल्याकडे, तो दर फोनला "उद्या नक्की" म्हणतोय. आणि मॉड्यूलचे स्पेअर एकदम किती घेऊन ठेवायचे यावर परचेस आणि मेंटेनन्सचं अजून एकमत नाहीये, साहेब म्हणतात कपाटामागे दोन, परचेस म्हणतं दोघांत मिळून एक.